तेल न पिणारं लाकूड

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात तीन शब्द हमखास येतात. मॉर्गेज, लॉन आणि डेक. मॉर्गेजचं टेन्शन, लॉनचा वैताग आणि डेकचं कौतुक! डेक म्हणजे घराच्या मागच्या दाराला लागून बांधलेला लाकडी ओटा. आपल्याकडे अंगण असतं (बरं, असायचं), तसा तिकडे डेक. त्यावर चार खुर्च्या, एक बार्बेक्यू आणि हिवाळ्यात घरात घेऊन जिवापाड जपलेली तुळस. इकडे आईला फोटो पाठवायचा तर तो डेकवरचाच. घर कितीही पसरलेलं असू दे, डेकवर सगळं छान दिसतं.

माझ्या ताईचा डेक न्यू जर्सीत आहे. वीस फूट बाय सोळा. हा नुसता डेक नाही, ईपे आहे, असं घर घेताना एजंटने तिला दोनदा सांगितलं होतं. ताईला वाटलं ब्रँडचं नाव असेल. २०२३ च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे सहा आठवडे राहायला गेले, तेव्हा या ईपेची माझी ओळख झाली. चांगली ओळख झाली. हातमोजे घालून, गुडघ्यांवर बसून!

ईपे हे ब्राझील आणि आजूबाजूच्या देशांतल्या जंगलातलं लाकूड. त्याचा तोरा काय असतो ते आकड्यांतच सांगते. लाकडाचा कडकपणा मोजायची जांका नावाची एक चाचणी आहे. साधारण ११ मिलिमीटरची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते बघायचं. आपल्या सागवानाला हजार-अकराशे पौंडांचा जोर पुरतो. ईपेला साडेतीन हजारांच्या आसपास लागतो. वजन इतकं, की तुकडा पाण्यात टाकला तर बहुतेकदा सरळ तळाशी जातो. वाळवी तोंड लावत नाही, बुरशी सहज धरत नाही, स्क्रू आधी भोक पाडल्याशिवाय आत शिरत नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या समुद्रकाठच्या बोर्डवॉकवर कित्येक वर्षं हेच लाकूड वापरलं गेलं, यावरून कल्पना करा.

आणि गंमत म्हणजे या झाडाची भावकी आपण रोज बघतो. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून जाताना विक्रोळीला उन्हाळ्याच्या तोंडावर जी झाडं गुलाबी फुलांनी वेडी होतात आणि ज्यांच्याखाली उभं राहून अख्खी मुंबई सेल्फी काढते, ती टॅबेबुया रोझिया. २००७ पर्यंत शास्त्रज्ञ ईपेलाही टॅबेबुयाच म्हणायचे. मग डीएनएच्या अभ्यासानंतर त्याची हँड्रोअँथस नावाने वेगळी चूल मांडून दिली. म्हणजे चुलत भाऊच.

तर एवढ्या मानी लाकडाचा ताईच्या घरी अवतार कसा? पोपडे सुटलेला. घराच्या आधीच्या मालकाने कुणा कंत्राटदाराकडून त्यावर जाड, चकचकीत फिनिश चढवून घेतलं होतं. ताई-जिजू राहायला आले तेव्हा डेक हॉटेलच्या लॉबीसारखा चमकत होता. पहिला हिवाळा गेला, बर्फ वितळलं आणि चमक उलायला लागली. दुसऱ्या वर्षी पापडासारखे तुकडे निघायला लागले. पाचव्या वर्षी, म्हणजे मी गेले तेव्हा, अर्ध्या फळ्या पिवळट चकचकीत आणि अर्ध्या राखाडी, असं भूमितीच्या वहीसारखं काहीतरी झालं होतं.

एरवी हे असंच चालू राहिलं असतं. ‘पुढच्या समरमध्ये बघू’ हे वाक्य त्या घरात पाच वर्षं टिकलं होतं, फिनिशपेक्षा जास्त. पण मी पोहोचले त्याच्या आदल्या आठवड्यात जिजूची नोकरी गेली.

तुमच्यापैकी ज्यांचं कुणी तिकडे आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. बाकीच्यांसाठी: एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, की २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज भरला पाहिजे, किंवा दुसऱ्या कुठल्या व्हिसासाठी अर्ज करायचा, नाहीतर देश सोडायचा. ताई त्याच्याच व्हिसाच्या आधाराने मिळालेल्या वर्क परमिटवर नोकरी करत होती. म्हणजे एक दांडी निखळली की सगळा मांडवच खाली. ताईने फ्रिजवर ६० चौकोन आखलेला कागद लावला होता. रोज सकाळी दूध काढताना एक चौकोन खोडायचा.

घर विकावं लागलं तर? हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नव्हतं, पण ताईने गुपचूप एका एजंटबाईंना बोलावून घर दाखवलं. बाई सगळीकडे मान डोलावत फिरल्या आणि मागचं दार उघडल्यावर थांबल्या. म्हणाल्या, लिस्टिंगमध्ये लोक आधी डेकचाच फोटो बघतात, हे आधी नीट करा. त्यांनीच एका कंत्राटदाराचा नंबर दिला. तो आला, बुटाच्या टाचेने पोपडा उडवून बघितला आणि दोन दिवसांचं काम सांगितलं. प्रेशर वॉशर मारायचा आणि वरून सॉलिड स्टेनचे दोन हात. गडद तपकिरी. २२०० डॉलर. किती टिकेल असं विचारल्यावर हसून म्हणाला, घर विकेपर्यंत टिकेल.

ताई तयार होती. जिजू नाही. त्या रात्री वरण-भात समोर ठेवून दोघांचं जे झालं ते भांडणच होतं, फक्त आवाज हळू होता, कारण भाची झोपलेली. “ज्याने आपल्याला हे चिकटवून दिलं त्याला आपण पाच वर्षं शिव्या देतोय,” जिजू म्हणाला. “आता पुढच्याने आपल्याला द्यायच्या?”

“पुढच्याचं मला काय सांगतोस? चौकोन मोज,” ताई म्हणाली.

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मास कॉम करून माझ्या हाती दोनच गोष्टी लागल्यात. अनोळखी माणसाला प्रश्न विचारायचा निर्लज्जपणा आणि उत्तर लिहून घ्यायची सवय. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी कामाला लागले.

पहिली मुलाखत शेजारच्या आजोबांची. त्यांचं अख्खं आयुष्य सुतारकामात गेलेलं. त्यांचाही डेक ईपेचाच आणि संपूर्ण रुपेरी. जुन्या चांदीच्या ताटावर येतो तसा रंग. मी विचारलं, यावर काय लावलंय? म्हणाले, पाऊस.

त्यांच्याकडून कळलेली पहिली गोष्ट म्हणजे करडा रंग हा रोग नाही. लाकडातले तंतू एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या पातळ थरातलं लिग्निन मोडतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे करडे तंतू उरतात. हे सगळं कागदाच्या जाडीएवढ्या थरात. खाली लाकूड जसंच्या तसं. ईपे काहीही न लावता कित्येक वर्षं उभं राहतं. म्हणजे स्टेन लावायचा तो रंगासाठी, लाकूड वाचवायला नाही. (हे कंत्राटदार आधी का सांगत नाहीत, ते तुम्हीच ओळखा.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. साधं पाइनचं लाकूड स्टेन पितं. स्पंजसारखं. ईपे इतकं घट्ट, की ते जवळजवळ काहीच पीत नाही. आता जे आत जात नाही ते वरच राहणार. वर राहिलं की त्याचा पापुद्रा होणार. लाकूड थंडी-उन्हाळ्यात आकुंचन-प्रसरण पावणार, फटीतून ओल आत शिरणार आणि पापुद्रा सुटणार. व्हार्निश असो, पॉलियुरेथिन असो की तो सॉलिड स्टेन असो, वर थर धरून बसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं अशा डेकवर आज ना उद्या हेच होतं. जितका जाड थर तितके मोठे पोपडे. आणि नुसतं करडं पडलेलं लाकूड धुऊन दोन दिवसांत परत तपकिरी होतं, पण पोपडे काढायला आठवडा जातो.

मग लावायचं काय? पातळ, आत मुरणारं तेल. रंगाच्या दुकानात खास ‘हार्डवुड’ लिहिलेले डबे वेगळे मिळतात. पेनोफिन, मेसमर्स, आर्मस्ट्राँग-क्लार्क अशी नावं तिकडच्या डेकवाल्यांच्या तोंडी असतात. ही तेलं साध्या डेक स्टेनपेक्षा पातळ असतात, म्हणजे जेवढं काही आत शिरू शकतं तेवढं तरी शिरतं. आणि मुद्दा असा, की ती वर्षा-दीड वर्षात फिकी पडतात. फिकी पडतात, सोलत नाहीत. धुवायचं, पुन्हा एक हात द्यायचा. बस्स.

जिजूला हे पटलं. ताईला पटलं नाही. तिचं म्हणणं, दरवर्षी करायचं म्हणजे दरवर्षी इथे असायला हवं ना? या प्रश्नावर टेबलाभोवती कुणीच काही बोललं नाही. शेवटी हिशेबाने काम केलं. पाइनच्या डेकला एक गॅलन तेल दीड-दोनशे चौरस फुटांना पुरतं. ईपे पीतच नाही, त्यामुळे तीनशेच्या आसपास जातं. आमचा डेक ३२० चौरस फूट. दोन गॅलनचे डबे, पोपडे काढायचं रसायन, ब्रश, पॉलिश पेपर, मास्क, सगळं मिळून साडेतीनशे डॉलरच्या आत. आणि तीन माणसांची फुकट मजुरी, पैकी एक बेकार आणि एक फ्रीलान्सर. म्हणजे खरं तर दोन बेकार. ताई हसली. पहिल्यांदाच, मी आल्यापासून.

आता रंग. इथे बहुतेक लोक फसतात ते बिनरंगी तेलाला. वाटतं, एवढं सुंदर लाकूड, त्यावर रंग कशाला? पण तेलात उन्हाला खरा अडवतो तो त्यातला रंगाचा कण, म्हणजे पिगमेंट. बिनरंगी तेल पहिल्या आठवड्यात अप्रतिम दिसतं आणि काही महिन्यांत करड्याला दार उघडून देतं. उलट खूप पिगमेंट असलं तर लाकडाच्या रेषा झाकल्या जातात, शिवाय घट्ट लाकडावर ते कण वरच साचतात. मधला मार्ग म्हणजे पारदर्शक पण तपकिरी झाक असलेलं तेल. दुकानातल्या रंगाच्या कार्डावर विश्वास ठेवू नका, ती कार्डं बहुधा फिक्या लाकडावरची असतात. आजोबांची युक्ती सोपी होती. डेकखाली आधीच्या मालकाच्या उरलेल्या दोन फळ्या पडल्या होत्या. त्या घासून दुकानातून आणलेले तीन छोटे नमुने लावले, दोन दिवस उन्हात ठेवले आणि मग निवडलं. आम्ही ‘महोगनी’ घेणार होतो, ती ईपेवर चक्क वांग्याची साल दिसत होती! शेवटी निवडला तो सगळ्यात फिका तपकिरी.

याच दरम्यान आईचा फोन. “एवढं काय त्यात? अळशीचं तेल लावा. आपल्या गावच्या झोपाळ्याला आजोबा दर दिवाळीला लावायचे.” आईचं चुकलं नव्हतं. झोपाळा सागवानी होता आणि माजघरात होता. घराच्या आत अळशीचं तेल उत्तम. बाहेर, पावसात आणि बर्फात मात्र नुसतं अळशीचं तेल बुरशीला मेजवानी. हळूहळू सुकतं, चिकट राहतं आणि काळं पडतं. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, तुमचं अमेरिकेतलं लाकूडसुद्धा नखरेल.

काम सुरू केलं चौतिसाव्या चौकोनाला. (आम्ही तारखा विसरलो होतो, चौकोनच मोजायचो.) आधी पोपडे काढणारं रसायन. कॉस्टिक सोड्याच्या जातीचं असतं ते, त्यामुळे लांब बाह्या, चष्मा, रबरी मोजे आणि आजूबाजूच्या झाडांवर आधी भरपूर पाणी. तुळस घरात. पंधरा मिनिटं ते फळ्यांवर ओलं ठेवून ब्रशने घासलं आणि काय सांगू, डेकवरून रक्त वाहावं तसं लालसर तपकिरी पाणी वाहायला लागलं! भाची किंचाळली. घाबरायचं कारण नव्हतं. ईपेत लापाचोल नावाचा पिवळा पदार्थ असतो आणि सोड्यासारखं काही लागलं की तो लाल होतो. हळद आणि साबणाचं आपल्या घरातलंच रसायनशास्त्र, दुसरं काही नाही. लग्नात हळद लागलेलं कापड धुताना बघितलं असेल तुम्ही.

पोपडे नसते, नुसतं करडं असतं, तर हे तिखट रसायन लागलंच नसतं. सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजनवाल्या धुण्याच्या पावडरीत असतं तेच, पाण्यात मिसळून घासलं की पुरतं. पण दोन्हींनंतर एक पायरी लोक हमखास गाळतात आणि मग डेक काळवंडला म्हणून रडतात. धुतल्यावर लाकूड अल्कलीमुळे गडद पडतं. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी फिरवायचं. पाच-दहा मिनिटांत रंग डोळ्यांदेखत उजळतो आणि खिळ्यांभोवतीचे लोखंडाचे काळे डागही जातात. मला विचाराल तर अख्ख्या कामातला हा सगळ्यात समाधानाचा क्षण. ब्यूटी पार्लरमध्ये चेहऱ्यावरचा पॅक धुतल्यावर आरशात बघतो ना, तसं.

प्रेशर वॉशर आम्ही वापरला, पण अगदी कमी जोराचा आणि पंख्यासारखा फवारा लावून. जोर वाढवला तर लाकडाचे तंतू उभे राहतात आणि अनवाणी पायांना कुसळं. जिथे जुनं फिनिश हटेना तिथे पॉलिश पेपर, ६० ते ८० नंबरचा. इथे शहाणपणा उलटा चालतो. फर्निचरला आपण जितका बारीक पेपर मारू तितकं चांगलं. ईपेला बारीक पेपर मारला, की ते आरशासारखं गुळगुळीत होतं आणि मुळातच न पिणारं लाकूड तोंड आणखी घट्ट मिटून घेतं. खरखरीत ठेवायचं. आणि मास्क न चुकता, कारण ती पिवळी भुकटी नाका-डोळ्यांना झोंबते, काहींच्या कातडीवर पुरळ उठतं.

मग दोन दिवस काहीच करायचं नाही, फक्त वाळू द्यायचं. त्या दोन दिवसांत जिजूचे दोन इंटरव्ह्यू झाले. दोन्ही गॅरेजमध्ये, मागे लॉनमोव्हर दिसणार नाही अशा बेताने बसून.

तेल लावायचं ते सकाळी, डेकवर सावली असताना. उन्हाने तापलेल्या फळीवर तेल लावलं तर ते मुरण्याआधीच सुकतं आणि वर चिकटून बसतं. एका वेळी दोन-तीनच फळ्या घ्यायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात संपवायच्या. मध्ये थांबलात की तिथे सुकलेल्या कडेची रेघ उमटते आणि ती कायम दिसते. आम्ही तशी वाटणी केली होती. जिजू ब्रशने लावणार, मी मागून फडक्याने पुसणार, ताई डबा ढवळत राहणार, कारण पिगमेंट सारखं तळाशी बसतं.

आणि अर्ध्या फळीवर जिजूचा फोन वाजला. ज्या कंपनीकडून तो तीन आठवडे उत्तराची वाट बघत होता, तिथली रिक्रूटर. त्याचे दोन्ही हात तेलात. ताईने फोन त्याच्या कानाला लावला. तो गुडघ्यांवर, उजव्या हाताने ब्रश चालूच, आणि तोंडाने “येस, येस, ॲब्सोल्यूटली.” फळी संपेपर्यंत तो थांबला नाही. फळीच्या टोकाला पोहोचल्यावर म्हणाला, “आणखी एक राउंड आहे. गुरुवारी.” ताईने फोन काढून घेतला, स्वतःच्या टी-शर्टला पुसला आणि पुन्हा डबा ढवळायला लागली. ती फळी मी आजही ओळखू शकते, कारण त्यावर रेघ नाहीये.

पुसणं हे निम्मं काम आहे. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी जे वर चमकत राहिलंय ते सगळं पुसून घ्यायचं. मन होत नाही. इतकं महाग तेल, पुसून टाकायचं? पण जे आत गेलं नाही ते उद्या चिकट होणार, त्यावर धूळ बसणार. तेव्हा एकच पातळ हात द्यायचा आणि कोरडं पुसायचं. ‘अजून एक कोट मारू, जास्त टिकेल’ हा आपला भारतीय हिशेब इथे लागू नाही.

पुसायला फडकी कुठली? जिजूच्या जुन्या कंपनीचे टी-शर्ट! सगळ्या ऑफसाइटचे, सगळ्या ‘टीम डे’चे, एकूण अकरा. छातीवरचा लोगो तेलात बुडवताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण आसपासचंच काहीतरी होतं.

काम झाल्यावर मी ते टी-शर्ट गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत भरणार, तोच आजोबा कुंपणावरून ओरडले. अशा सुकणाऱ्या तेलाची फडकी बोळा करून ठेवली, की तेल हवेतला ऑक्सिजन घेताना गरम होतं. ती उष्णता बोळ्यातून बाहेर पडत नाही आणि काही तासांत फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. मला ही दंतकथा वाटली, म्हणून रात्री शोधलं. फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९९१ मध्ये वन मेरिडियन प्लाझा नावाच्या ३८ मजली इमारतीला आग लागली, ती अळशीच्या तेलाच्या अशाच फडक्यांमुळे. आगीशी लढताना अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. तेव्हा फडकी एकेक उलगडून मोकळ्या जागेत वाळवायची, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावायचं. आमचे अकरा लोगो रात्रभर ड्राइव्ह-वेवर दगड ठेवून वाळत पडले होते. घरी कुणी सुतारकाम करून घेत असाल, पॉलिशवाल्याकडे अळशीचं तेल असेल, तर हे त्यालाही सांगा.

एक गोष्ट मात्र मला त्या चमकदार तपकिरी फळ्यांकडे बघताना टोचत राहिली. ईपेचं झाड ॲमेझॉनच्या जंगलात विखुरलेलं असतं, सावकाश वाढतं, आणि एका झाडापर्यंत पोहोचायला रस्ता काढावा लागतो. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २००८ मध्येच शहराच्या कामांत अशा उष्णकटिबंधीय लाकडाचा वापर कमी करायचं जाहीर केलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या साइटस परिषदेत ईपे आणि त्याचाच डेकवाला भाऊबंद कुमारू यांना व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत घातलं गेलं आणि २५ नोव्हेंबर २०२४ पासून ते लागू झालं. म्हणजे बंदी नाही, पण कायदेशीरपणे तोडल्याचा परवाना दाखवल्याशिवाय निर्यात नाही. पुण्या-मुंबईतही टेरेस फ्लॅटसाठी ईपे डेकिंग विकलं जातं. कुणी तुम्हाला ते दाखवलं तर कागद मागा. मी स्वतः नवीन ईपे घेणार नाही. पण जे झाड आधीच कापून डेकवर आलंय, त्यावर पापुद्रे चढवून ते दहा वर्षांत भंगारात काढणं मला जास्त वाईट वाटतं. आणि खरं सांगायचं तर माझा डेक असता, तर मी आजोबांसारखा पाऊस लावला असता.

जिजूला एकेचाळिसाव्या चौकोनाला ऑफर आली आणि त्रेपन्नाव्याला कंपनीने अर्ज भरला. ताईने कागद फ्रिजवरून काढला, पण फेकला नाही, घडी घालून पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवला. ग्रीन कार्डची रांग आहे तिथेच आहे. एजंटबाईंना तिने फोन करून नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, डेकचा फोटो तरी पाठवा.

पुढच्या उन्हाळ्यात ताईचा मेसेज आला. नैर्ऋत्येकडच्या, जास्त ऊन लागणाऱ्या चार फळ्यांचा फोटो, कडेने फिकट होत चाललेल्या. सोबत दुसरा फोटो, गॅरेजमधल्या उरलेल्या डब्याचा, ज्यावर जिजूने मार्करने तारीख घातली होती. ‘उघडू का यंदा?’

मी लिहिलं, आधी फळीवर चमचाभर पाणी टाकून बघ. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर थांब. पसरून आत जायला लागले तर उघड.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. ‘तीन फळ्यांवर उभे आहेत. चौथी पितेय.’